टॉमकॅटवरचं जुनं जावा अ‍ॅप्लिकेशन लवकर सुरू करण्यासाठी

टॉमकॅट (जावा वेब अ‍ॅप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) रीस्टार्ट केल्यावर पाच-सात मिनिटं लॉग (सर्व्हरच्या नोंदींची फाइल) जागचा हलत नसेल, तर मेमरी वाढवून किंवा नवा सर्व्हर घेऊन सहसा फरक पडत नाही. आधी वेळ कुठे जातो ते बघा. स्टार्टअप चालू असताना दर पाच सेकंदांनी जेस्टॅकने (जावासोबत येणारी कमांड) थ्रेड डंप घ्या, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड (कामाचा स्वतंत्र धागा) काय करतोय त्याची यादी; आठ-दहा पुरतात. त्यात 'मेन' किंवा जुन्या आवृत्त्यांत 'लोकलहोस्ट-स्टार्टस्टॉप' नावाचा थ्रेड शोधा. लागोपाठच्या डंपमध्ये तो ज्या मेथडवर अडकलेला दिसेल, तिथेच वेळ जातोय. हे न करता सेटिंग बदलत बसू नका.

बहुतेकदा दोष जार (जावा कोडच्या बांधलेल्या फाइली) स्कॅनिंगचा असतो. वर्षानुवर्षं लिब फोल्डरमध्ये जार साठत जातात आणि टॉमकॅट त्यातली प्रत्येक उघडून टॅग लायब्ररी (पानांत वापरायचे तयार टॅग), वेब फ्रॅगमेंट (जारमधली वेब सेटिंगची फाइल) आणि अ‍ॅनोटेशन (कोडमध्येच लिहिलेल्या सेटिंगच्या खुणा) शोधतो. म्हणून आधी वापरात नसलेल्या जार काढा आणि एकाच जारच्या दोन आवृत्त्या असतील तर एकच ठेवा. मग लॉगिंगमध्ये 'टीएलडी-स्कॅनर'ची पातळी 'फाइन' करा, म्हणजे टॅग लायब्ररी नसलेल्या जारची नावं मिळतील. ती कॅटालिना.प्रॉपर्टीज या टॉमकॅटच्या सेटिंग फाइलमधल्या 'जार्स-टू-स्किप' (वगळायच्या जार) यादीत घाला. शेवटची सोडून प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वल्पविराम आणि बॅकस्लॅश हवाच: बॅकस्लॅश राहिला तर पुढची नावं वाचलीच जात नाहीत, स्वल्पविराम राहिला तर दोन नावं एकमेकांना चिकटतात. जेएसटीएलची (नेहमीच्या टॅग लायब्ररीची) जार चुकून यादीत गेली, तर सर्व्हर झटकन उठतो, पण ते टॅग वापरणारं पहिलंच जेएसपी (जावातून तयार होणारं वेब) पान टॅगची यूआरआय (ओळखपत्ता) सापडत नाही म्हणून कोसळतं. वगळलेल्या जारमधले वेब फ्रॅगमेंटही वाचले जात नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

सगळे सर्व्हलेट (विनंतीला उत्तर देणारे जावा क्लास) आणि फिल्टर (विनंती आधी तपासणारे क्लास) वेब.एक्सएमएल या अ‍ॅप्लिकेशनच्या सेटिंग फाइलमध्येच लिहिलेले असतील, तर त्यात 'मेटाडेटा-कम्प्लीट' ट्रू करा आणि रिकामा 'अ‍ॅब्सोल्यूट-ऑर्डरिंग' टॅग टाका. मग टॉमकॅट जारमध्ये अ‍ॅनोटेशन आणि वेब फ्रॅगमेंट शोधत बसत नाही, म्हणून हा उपाय सगळ्यात मोठा फरक पाडू शकतो. मात्र स्प्रिंग (जावा अ‍ॅप्लिकेशन बांधायची चौकट) वेब.एक्सएमएलशिवाय, जावा क्लासमधून सुरू होत असेल तर हे अजिबात करू नका: स्प्रिंगचा इनिशियलायझरच (सुरुवात करून देणारा क्लास) सापडणार नाही आणि अ‍ॅप्लिकेशन एकही चूक न दाखवता रिकामं उभं राहील.

डंपमध्ये सिक्युअररँडम (जावाचा सुरक्षित यादृच्छिक आकडे बनवणारा क्लास) दिसलं, तर सेशन आयडीसाठी (प्रत्येक वापरकर्त्याच्या भेटीच्या ओळखक्रमांकासाठी) यादृच्छिक बिट्सची वाट बघणं चालू आहे. ५.६ च्या आधीच्या लिनक्स कर्नलवर, विशेषतः व्हर्च्युअल मशीनवर, हे होतं. जावाच्या 'जावा.सिक्युरिटी.ईजीडी' पर्यायात 'डेव्ह-यूरँडम' फाइलचा पत्ता द्या, पण डेव्ह आणि यूरँडम यांच्यामध्ये एक टिंब-स्लॅश जास्त ठेवा. जुन्या जावात साधा पत्ता ओळखला जातो आणि पुन्हा 'रँडम'च वापरलं जातं.

लोकलहोस्टचं (याच मशीनचं) नाव शोधताना थ्रेड थांबलेला दिसला तर डीएनएस (नावावरून पत्ता देणारी सेवा) उत्तर देत नाही. लिनक्सवर एका प्रयत्नाचा टाइमआउट साधारण ५ सेकंदांचा असतो. मशीनचं होस्टनेम ईटीसी-होस्ट्स फाइलमध्ये लिहा.

आणि हायबरनेटची (जावा आणि डेटाबेस जोडणाऱ्या लायब्ररीची) 'एचबीएम-टू-डीडीएल' ही टेबलं आपोआप बदलणारी सेटिंग प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर) 'अपडेट' ठेवली असेल तर ती आजच 'नन' करा. प्रत्येक सुरुवातीला प्रत्येक टेबलची माहिती डेटाबेसकडून मागवली जाते, शिवाय टेबलमध्ये कुणाला न विचारता कॉलम वाढण्याचा धोका वेगळाच. टेबलांमधले बदल एसक्यूएल स्क्रिप्टनेच करा.

एका वेळी एकच बदल करा. प्रत्येक बदलानंतर लॉगमधली 'सर्व्हर स्टार्टअप' ही ओळ किती मिलिसेकंद दाखवते ते टिपून ठेवा.