पिपवर टाकलंय? पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजर म्हणतो, "पाच मिनिटं येतोस का?" मीटिंग रूममध्ये एचआरच्या मॅडम आधीच येऊन बसलेल्या आणि टेबलावर दोन पानांचा कागद. ऐरोलीच्या एका आयटी पार्कात माझ्या बाबतीत हे असंच झालं. परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, ऑफिसच्या भाषेत पिप: ठरलेल्या मुदतीत काम सुधारून दाखवा, नाहीतर नोकरी जाऊ शकते. मुदत सहसा ३०, ६० किंवा ९० दिवसांची. पुढे टीम लीड झाल्यावर मला दोघांना पिपवर टाकावं लागलं, म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजूंचं थोडंफार ठाऊक आहे.

त्या खोलीत

वाद घालू नका. कागद घ्या, ऐका, लिहून घ्या. "सही म्हणजे फक्त पोच," असं एचआर सांगेल. ठीक आहे, मग सहीशेजारी तेच लिहा: 'प्रत मिळाली. मजकुराशी सहमती गृहीत धरू नये.' खाली तारीख. पोर्टलवर नुसतं ॲक्नॉलेजचं बटण असेल तर ते दाबा आणि त्याच दिवशी याच अर्थाचा एका ओळीचा मेल टाका. सही नाकारून काही साधत नाही, उलट 'सहकार्य करत नाही' अशी आणखी एक नोंद फाइलला लागते.

एक गोष्ट मात्र तिथे करायची नाही: राजीनामा. "स्वतःहून दिलास तर रेकॉर्ड स्वच्छ राहील," हे वाक्य बहुतेक ऐकू येईलच. "मुद्दे मेलवर पाठवा, मी विचार करून सांगतो," एवढं बोलून उठा. दबावाखाली लिहिलेला राजीनामा कागदावर स्वखुशीचाच दिसतो, आणि तो तसा नव्हता हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते.

पहिले तीन दिवस: कागद वाचा

खरी मेहनत इथे आहे. माझ्या कागदावर चार मुद्दे होते. तिसरा असा: 'क्लायंटशी संवाद आणि ओनरशिप यांत लक्षणीय सुधारणा दिसली पाहिजे.' कुणाला दिसली पाहिजे? किती दिसली म्हणजे लक्षणीय? असल्या वाक्यावर साठ दिवस मान मोडून काम केलं तरी शेवटी 'नाही दिसली' म्हणायला समोरचा मोकळाच.

मी रविवारी बसून त्याचं मोजता येईल असं रूप केलं. दर शुक्रवारी पाचच्या आत क्लायंटला स्टेटस मेल. दुसऱ्या प्राधान्याच्या टिकिटाला, म्हणजे सिस्टीमवर नोंदलेल्या तक्रारीला, चार तासांत पहिलं उत्तर. महिन्यात दोनपेक्षा जास्त एस्कलेशन, म्हणजे वरिष्ठांपर्यंत गेलेल्या तक्रारी, नाहीत. सोमवारी मॅनेजरला, एचआरला सीसी ठेवून, मेल केला: 'मुद्दा तीनचा अर्थ मी असा घेतो आहे. वेगळं अपेक्षित असल्यास बुधवारपर्यंत कळवावे, अन्यथा हेच धरून काम करतो.' मंगळवारी उत्तर आलं, 'ओके.' त्या एका शब्दावर माझे साठ दिवस निभावले.

या मेलला येणारं उत्तर हीच तुमची कसोटी. मॅनेजर आकडे खाली-वर करून देतो, दर आठवड्याची वेळ कॅलेंडरवर टाकतो, तर तुम्हाला ठेवायची इच्छा आहे. तो मेल गिळून बसतो, मीटिंगा पुढे ढकलतो, तुमचं चांगलं काम दुसऱ्याकडे वळवतो, तर निर्णय झालाय आणि फक्त फाइल जाड होते आहे. पिप सुरू असतानाच 'अमक्याला केटी देऊन ठेव', म्हणजे तुझं काम त्याला शिकवून ठेव, असा निरोप आला की मी तरी दुसरी शंका घेणार नाही.

दर आठवडा

मीटिंग झाली की तासाभरात चार ओळींचा मेल: काय ठरलं, काय पूर्ण झालं, कशासाठी कुणाची वाट बघतोय. शिवाय स्वतःची एक वही. मी ऐरोलीला गाडीत चढलो की ठाणं येईपर्यंत दाराजवळ उभ्या उभ्या लिहायचो: तारीख, कोण काय म्हणालं, कुठली टिकिटं बंद झाली. अक्षर असं की आज मलाच लागत नाही, पण तारखा लागतात.

कंपनीच्या फाइली आणि क्लायंटचे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. पुरावा जमवायला गेलेला माणूस डेटा बाहेर नेला म्हणून त्याच आठवड्यात घरी जाऊ शकतो. पिपचं पत्र, जुनी अप्रेझल पत्रं, नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा जवळ असल्या की पुरे.

घरी सांगा. मी दोन संध्याकाळी तलावपाळीला बसून उशिरा घरी गेलो, तिसऱ्या दिवशी बायकोनेच विचारलं. हप्ते किती, शिल्लक किती, हे दोघांनी मिळून एकदा मांडा. कंपनीचा मेडिक्लेम बहुधा नोकरीबरोबरच संपतो, तेव्हा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं असेल तर आत्ताच उरकून घ्या.

बाहेरची वाट

निर्णय काहीही दिसो, सीव्ही पहिल्याच आठवड्यात बाहेर पडला पाहिजे. महापे, घणसोली, वागळे इस्टेट इथल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करा. इंटरव्ह्यूत पिपचा विषय आपणहून काढायची गरज नाही. थेट विचारलंच तर खोटं बोलू नका, दोन वाक्यांत सांगून पुढे व्हा.

नोकरी सुटणारच असेल तर आधी ग्रॅच्युइटीची तारीख बघा. कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते, वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन. दोन महिने कमी पडत असतील तर शेवटच्या तारखेवर घासाघीस करण्यात अर्थ आहे. रिलीव्हिंग लेटरची (नोकरीतून मोकळं केल्याच्या पत्राची) भाषा आणि नोटीस पिरियडचे पैसे हेही याच बोलण्यात सोडवा, सगळं लेखी.

"तू मॅनेजर ग्रेडचा, तुला कामगार कायदा लागू नाही," हे ऐकून गप्प बसू नका. कायद्याने कामगार कोण, हे व्हिजिटिंग कार्डावरून नाही, प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावरून ठरतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. ठाण्यात कामगार विभागाचं कार्यालय आहे, कामगार न्यायालयही आहे. पण आधी कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाकडे तासभर बसा, वही बरोबर घेऊन.

शेवटचा दिवस

पास झालात तर 'पिप बंद केली' असा मेल मागून घ्या. तोंडी अभिनंदन पुढच्या अप्रेझलला कुणाला आठवत नाही. बाहेर पडत असाल तर लॅपटॉप देताना पोच घ्या, सिरियल नंबर आणि चार्जरसकट. मी पिपवर टाकलेल्यांपैकी एकाचं फुल अँड फायनल, म्हणजे शेवटच्या हिशोबाचे पैसे, एका चार्जरपायी अडकलं होतं, आणि चार्जर आयटीवाल्यांच्याच कपाटात निघाला.