आराखड्यातला पहिला रकाना भरण्याआधी

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. पहिले काही दिवस पुस्तकं, गणवेश, पटनोंदणी यातच जातात. दिव्यांग विद्यार्थ्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात 'सध्याची कार्यपातळी' (मूल आज काय, किती आणि कसं करतं) नावाचा जो पहिला रकाना असतो, तो या गडबडीत भरू नका. सुट्टीत मूल बरंच विसरलेलं असतं आणि त्यातलं काही वर्गात बसायला लागल्यावर आपोआप परत येतं. जुलैचा मध्य त्यासाठी बरा. तोवर कागद गोळा करून ठेवा: मागच्या वर्षीचा आराखडा, हजेरीपत्रक, डोळे-कान तपासणीचे अहवाल, मुलाच्या दोन-चार जुन्या वह्या आणि दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. कार्डावरच्या टक्केवारीला मात्र तिच्या जागी ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्क्यांची रेषा सवलतींसाठी आहे. 'बौद्धिक अक्षमता, ६० टक्के' एवढ्यावरून त्या पोराला काना-मात्रा वाचता येतो की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही.

तपासणीला बसवण्याआधी चष्मा नाकावर आहे का, श्रवणयंत्रात चालू बॅटरी आहे का, ते स्वतः बघा. यंत्र कानात असतं आणि बॅटरी कधीची संपलेली असते, हे नेहमीचंच. फिट्सची गोळी चालू असेल तर ती किती वाजता घेतली ते घरून विचारा. गुंगीत असलेल्या मुलाचे गुण लिहून काही उपयोग नाही. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. वेळ सकाळची निवडा, आणि जमलं तर दोन वेगवेगळ्या दिवशी बघा.

आता खरं काम, म्हणजे वाक्यं. 'गणितात कच्चा आहे', 'लक्ष देत नाही', 'प्रगती समाधानकारक' ही वाक्यं नाव बदलून तालुक्यातल्या कोणत्याही मुलाला लावता येतात. त्याऐवजी असं लिहा: 'दोन अंकी बिनहातच्याच्या दहा बेरजांपैकी सात बरोबर, काड्या मोजून, हातच्याची एकही नाही. दुसरीच्या पुस्तकातल्या उताऱ्यातले साधे शब्द वाचतो, जोडाक्षर आलं की थांबतो आणि शिक्षकाकडे बघतो.' हे वाचून दुसऱ्या माणसाला सोमवारी काय शिकवायचं ते कळतं. विशेष शिक्षक बदलतात, कंत्राट संपतं, फाइल मात्र शाळेत राहते. ज्यानं मुलाला पाहिलेलंच नाही त्याच्यासाठी आपण लिहितोय, हे धरून चला.

किती मदतीनं केलं, हे प्रत्येक वाक्यात हवंच. सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी ही तपासणी सूची बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठी आपल्याकडे वापरतात. तिच्यात स्वतः करतो, अधूनमधून खूण करावी लागते, तोंडी सांगावं लागतं, हात धरून करून घ्यावं लागतं, पूर्ण अवलंबून, अशा पायऱ्या आहेत. सूची हाताशी नसली तरी या पायऱ्या वापरा. 'शर्ट घालतो' आणि 'बटणं सोडून शर्ट घालतो, बटणांसाठी हात धरावा लागतो' यात वर्षभराचं एक उद्दिष्ट दडलेलं आहे.

त्याच सूचीत आणखी एक खूण आहे: संधीच मिळालेली नाही. आपल्या भागात ती जपून आणि प्रामाणिकपणे वापरावी लागते. तांड्यावरच्या किंवा कोलामांच्या पोडावरच्या (वस्तीवरच्या) मुलानं टेलिफोन लावला नाही, घड्याळ पाहिलं नाही, म्हणून 'येत नाही' अशी फुली मारली तर ती फुली त्याच्या घरावर पडते. उलट तेच पोरगं संध्याकाळी कळपातली कोणती बकरी आली नाही ते बरोबर सांगतं, दहाची नोट घेऊन किराणा दुकानातून उरलेले पैसे परत आणतं. हेही त्याच रकान्यात यायला हवं. मोजणी आणि व्यवहार इथूनच सुरू करता येतात. घरी कोलामी, गोंडी किंवा कोरकू बोलत असतील तर सूचना आधी त्या भाषेत देऊन बघा. घरचं कोणी किंवा अंगणवाडीतल्या ताई मदतीला येतात. मराठीत चुकलं आणि घरच्या भाषेत जमलं, तर दोन्ही लिहा.

वागणुकीबद्दल 'चिडखोर' हा शब्द नको. कशानंतर, काय करतो, किती वेळ, कशानं थांबतं, एवढं लिहिलं की पुरे. पोषण आहाराच्या वेळी मुद्दाम थांबा. ताट आणणं, रांगेत उभं राहणं, स्वतः जेवणं, हात धुणं, सगळं एका ठिकाणी बघायला मिळतं, आणि मुलाला परीक्षा चालू आहे असं वाटतही नाही.

आईकडून जे कळतं ते तिच्याच शब्दांत टिपा. 'करते ना जी थो सगळं, पण मन लागलं तवा,' असं ती म्हणाली तर 'आईच्या मते सहकार्य करतो' असं त्याचं सरकारी भाषांतर करू नका. लगेच पुढचं विचारा: मन कशात लागते? शाळेत दिसलेलं आणि घरून सांगितलेलं जुळलं नाही, तर दोन्ही शेजारी ठेवा, कोणी सांगितलं ते नमूद करून. घरी बोलणारं मूल वर्गात गप्प असतं, यात खोटं कोणीच बोलत नसतं.

मुलाच्या कामाच्या प्रत्येक नमुन्यावर तारीख टाका आणि मदत झाली असेल तर तसं लिहा. तारखेविना वहीचं पान पुढच्या वर्षी काहीच सांगत नाही. मग उद्दिष्टांचा रकाना उघडा आणि प्रत्येक उद्दिष्टावरून बोट मागे नेऊन बघा, पहिल्या रकान्यातल्या कोणत्या वाक्यावर ते उभं आहे. वाक्य सापडलं नाही तर उद्दिष्ट कुठून तरी उतरवलेलं आहे, खोडा.

सही-अंगठा घेण्याआधी सगळं आईबापाला वाचून दाखवा. फेरतपासणीची तारीख दिवाळीच्या सुट्टीआधीची धरा. सुट्टीनंतर कापसाची वेचणी जोरात असते, आईबाप पहाटेच शेतात जातात आणि त्या दिवसांत घरी कुलूप भेटतं.