ऑक्सिजन सेन्सर बदलताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमधल्या पोराने स्कॅनर लावला आणि म्हणाला, "काका, ऑक्सिजन सेन्सर गेला." मी मान डोलावली, नवा सेन्सर बसवून घेतला. चौथ्या दिवशी घाटकोपरच्या सिग्नलला दिवा पुन्हा हजर! शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने बॉनेटखाली कान लावला. बारीक शिट्टी येत होती. इनटेक मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) बोटभर व्हॅक्यूम पाइप तडकला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कोड पी ०१७१ होता, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण लीन, हवा जास्त. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. पी ०१३५ आला तर गोष्ट वेगळी, तो सेन्सरच्या हीटर सर्किटचा कोड. तिथेही आधी फ्यूज आणि वायर बघायची, मग पाकिटाला हात घालायचा.

हा सेन्सर काम कसं करतो? एक्झॉस्टमध्ये बसवलेल्या या तुकड्यात झिर्कोनिया सिरॅमिकची टोपी असते. तिच्या एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर व्होल्टेज तयार होतं: मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, लीन असेल तर ०.१. त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करतो आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या जवळ ठेवतो. म्हणून कॅट-कॉनच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीच्या सेन्सरचा आकडा सतत वर-खाली नाचायला हवा. (वाइडबँड या दुसऱ्या प्रकारचा सेन्सर असलेल्या गाड्यांत हा हिशोब वेगळा.) टोपी सुमारे ३०० अंशांना तापल्याशिवाय हे काही होत नाही, हीटर असतो तो त्यासाठी.

कॅट-कॉननंतरच्या सेन्सरचा आकडा मात्र जवळजवळ स्थिर असतो. तो स्थिर बघून 'मेला' म्हणणारे भेटतात. उलट तोही पुढच्यासारखा नाचायला लागला, तर संशय कॅट-कॉनवर घ्यायचा.

सीएनजी गाडी असेल तर चार दिवस पेट्रोलवर चालवून बघा. कोड फक्त गॅसवरच येत असेल, तर आधी किटचं ट्यूनिंग तपासून घ्या.

आता आपल्या मुंबईची चूक. दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली की मेकॅनिक कनेक्टरवर स्प्रे नाहीतर ग्रीस मारतो. बऱ्याच सेन्सरना बाहेरची हवा वायरच्या आतूनच मिळते. ती वाट बुजली की चांगला सेन्सरही चुकीचं सांगू लागतो. कनेक्टर हवेने सुकवा, बस्स. वायर सोल्डर करून जोडू नका, त्याचंही कारण हेच. तापलेल्या सेन्सरवर गार पाणी आलं तर सिरॅमिक तडकतं, तेव्हा साचलेल्या पाण्यात गाडी न घालणंच बरं.

टॅपेट कव्हरला (इंजिनावरच्या झाकणाला) साधं सिलिकॉन सीलंट चोपडणं हीदेखील चूक. त्याची वाफ इंजिनातून सेन्सरपर्यंत पोचते आणि टोकावर पांढरा थर धरतो. तो सेन्सर गेलाच समजा. काळी काजळी असेल तर मिश्रण रिच का होतंय ते शोधा. वायर ब्रशने घासून काही साधत नाही.

मग बदलायचा कधी? बिनहीटरचे जुने सेन्सर साधारण ५० ते ८० हजार किलोमीटर चालतात, हीटरवाले दीड लाखापर्यंतही. पण नुसत्या किलोमीटरवर बदलू नका. हीटर मेला असेल, आकडा आळसावून हलत असेल किंवा टोकावर थर बसला असेल, तर बदला. तेव्हा मात्र चालढकल नको, रिच चालणारी गाडी कॅट-कॉन खाते, आणि त्याचं बिल सेन्सरच्या कितीतरी पट येतं.

काढताना इंजिन किंचित कोमट असू द्या, खाच असलेला २२ चा सॉकेट वापरा. अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावायचं तर फक्त आट्यांना, टोकाला नाही.

माझा जुना सेन्सर मी मागून घेतला होता. फडक्यात गुंडाळून डिकीत पडलाय, अगदी धडधाकट.