हान काळातला चिनी आरसा वाचायचा कसा

म्युझियममध्ये काशाचा चिनी आरसा दिसला की लोक दोन सेकंद बघतात आणि पुढे जातात, कारण समोर असते ती पाठ, हिरवट गंज चढलेली आणि नक्षीने गच्च भरलेली. तोंड बघायची गुळगुळीत बाजू खाली असते. पण खरा माल या पाठीवरच आहे! साधारण 2000 वर्षांपूर्वीच्या हान राजघराण्याच्या काळातल्या एका प्रकारात तर अख्खं विश्व तळहाताएवढ्या जागेत बसवलंय. इंग्रजीत या आरशांना टीएलव्ही म्हणतात, कारण नक्षीत त्या अक्षरांसारख्या खुणा असतात, बाकी त्या अक्षरांशी संबंध शून्य.

आधी मधली घुंडी शोधा, तिला आडवं भोक असतं, दोरी ओवायला. तिच्याभोवती चौकोन. चौकोन म्हणजे पृथ्वी आणि बाहेरची गोल कड म्हणजे आकाश, जुन्या चीनमध्ये आकाश गोल नि जमीन चौकोनी मानायचे. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

आता दिशा लावायच्या, आणि इथे सगळे गंडतात, मीपण गंडलो होतो, पहिल्यांदा फोटो बघताना उत्तर वर धरून बसलो आणि डावी-उजवी काही जुळेचना. तिथे दक्षिण वर धरायची. म्हणजे पूर्व डावीकडे, पश्चिम उजवीकडे, उत्तर खाली. कासवाला साप गुंडाळलेला दिसला की ती उत्तर, हे चित्र दुसऱ्या कशातच मिसळत नाही म्हणून सुरुवात इथूनच करा आणि ती बाजू खाली येईल असा फोटो फिरवा. मग वर तांबडा पक्षी, डावीकडे ड्रॅगन, उजवीकडे पांढरा वाघ. रंग अर्थात दिसत नाहीत, ते नावातच आहेत. ड्रॅगन आणि वाघ झिजलेल्या आरशावर सेम टू सेम दिसतात, त्यामुळे त्यांच्यावरून दिशा ठरवायला जाऊ नका.

चौकोनाच्या आत बऱ्याचदा 12 अक्षरं असतात, प्रत्येक बाजूला तीन. ज्यांना उंदीर, बैल, वाघ वगैरे प्राणी जोडतात तीच ही बारा चिन्हं, पण इथे प्राणी नाहीत, नुसती अक्षरं. उंदराचं उत्तरेला, सशाचं पूर्वेला, घोड्याचं दक्षिणेला, कोंबड्याचं पश्चिमेला. दिशा, महिने आणि दिवसाचे प्रहर सगळं याच बारात मोजायचे, म्हणजे नकाशा आणि घड्याळ एकत्रच.

टी, एल, व्ही या खुणा मात्र सगळ्यात मजेशीर. चौकोनाच्या प्रत्येक बाजूवर एक टी, त्याच्या समोर कडेला एल, कोपऱ्यांसमोर व्ही. लिउबो नावाच्या खेळाच्या पटावर हुबेहूब हेच असतं. 1993 मध्ये जिआंगसू प्रांतात यिनवान इथल्या थडग्यात एक लाकडी फळी सापडली, तिच्यावर हाच पट आणि त्यात 60 दिवसांचं चक्र भरलेलं, लग्न, प्रवास, आजारपण यांचं भविष्य बघायला. एका आरशावर तर सरळ लिहिलंय की पट कोरलाय, अशुभ दूर करायला. त्यामुळे प्रत्येक खुणेला विश्वाचा वेगवेगळा खांब किंवा दरवाजा ठरवत बसणारी स्पष्टीकरणं मला जरा ओढूनताणून वाटतात.

टेंगळं आठ असतात, टीच्या दोन्ही बाजूंना एकेक. मोकळ्या जागेत पंखवाले सिद्धपुरुष, हरणं, पक्षी. कडेचे करवती दाते आणि ढगांची वेलबुट्टी यावर फार डोकं लावू नका.

शेवटी लेख. तो गोल फिरत जातो, बहुतेक वेळा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आणि बरेचदा मध्येच तुटतो कारण कारागिराची जागा संपलेली असते. नेहमीचा मजकूर असा, की वर सिद्धपुरुष राहतात, त्यांना म्हातारपण ठाऊक नाही, तहान लागली की जेडच्या झऱ्याचं पाणी पितात, भूक लागली की बोरं खातात. दुसरा म्हणतो डावीकडे ड्रॅगन, उजवीकडे वाघ, दोघं मिळून अशुभ हाकलतात, म्हणजे आपण लावलेली दिशा बरोबर आली का ते इथेच टॅली करता येतं. आणि एक लेख 'दानयांगहून चांगलं तांबं येतं' असा असतो, त्याचं पहिलं अक्षर नीट बघा, 'हान' ऐवजी 'शिन' असेल तर आरसा हानांची गादी बळकावणाऱ्या वांग मांगच्या 'शिन' राजवटीतला, म्हणजे इसवी सन 9 ते 23 मधला.