सह्याद्रीतल्या गावाचे आणि जुन्या घराचे फोटो काढताना

गाव डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे, ते आधी बघा. सह्याद्रीची मुख्य रांग दक्षिणोत्तर. त्यामुळे घाटाखाली, कोकणच्या बाजूला सकाळचं ऊन उशिरा उतरतं आणि संध्याकाळी कडे उजळतात. घाटावर, म्हणजे रांगेच्या पूर्वेला वेल्हे, मुळशी, जावळीकडे बहुधा उलटं: पश्चिमेच्या धारेआड सूर्य लवकर जातो, म्हणून तिथे सकाळ धरा. भातखाचरांचे बांध उठून दिसायला तिरपं ऊन आणि थोडी उंच जागा लागते.

लांबच्या डोंगररांगा स्पष्ट हव्यात तर ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा. उन्हाळ्यात हवा धुरकट होते, त्यात राब (भाताच्या रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा) भाजायला लागले की समोरची धारही पुसट. पावसाळ्यात ओल्या पानांची चकाकी मारायला पोलरायझर (लेन्सवर बसवायची चकाकी कापणारी काच) लावा. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). पागोळ्यांच्या लांब रेषा हव्या असतील तर शटर १/३० सेकंद आणि ट्रायपॉड, सुटे थेंब हवे असतील तर १/५०० किंवा त्याहून जलद. दोन्हीला मागे गडद काहीतरी हवंच, नाहीतर पाणी दिसत नाही.

घराजवळ उभं राहून मोबाइल वर कलवला की भिंती मागे झुकतात. मागे सरका, मोबाइल मागे-पुढे न कलवता सरळ धरा आणि ग्रिडची रेष ओटीच्या खांबाला जुळवा. अंगण जास्त आलं तर नंतर कापता येतं. मोबाइलची ०.५ची (अतिरुंद) लेन्स शक्यतो नको, कडेचे खांब ताणले जातात. कौलांची पाखी खूप खाली येते, त्यामुळे भर उन्हात अंगण पांढरं पडतं आणि ओटी काळी. ओटीचे फोटो ढगाळ दिवशी काढावेत.

मावळतीचा सूर्य सगळेच टिपतात, घराची पश्चिमेची भिंत कुणी टिपत नाही. पावसाचा मारा तिच्यावर सर्वांत जास्त. गवताचा आडोसा, लिंपण सुटून उघडा पडलेला कारवीचा कूड तिथेच सापडतो.

माजघर अवघड. फ्लॅश नको: धुराने काळे झालेले वासे चमकतात आणि खोलीची खोली जाते. दिवा बंद करा, नाहीतर बल्बचा पिवळा आणि दारातला निळसर उजेड एकत्र येऊन रंग बिघडतात. दार पाठीशी किंवा बाजूला ठेवा. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर न ठेवता उन्हाच्या किंवा सावलीच्या खुणेवर बांधून टाका, म्हणजे सारवलेल्या जमिनीचा रंग दर फोटोत बदलत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर १ सेकंदापासून सुरू करून वाढवत न्या, २ सेकंदांचा टायमर. काचेचं कौल फोटोत येत असेल तर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने त्याच दृश्याचे तीन फोटो घेऊन एकात जोडा. मोबाइलवर नाइट मोड चालतो, पण मोबाइल उतरंडीला किंवा खांबाला टेकवून ठेवा.

एसी गाडीतून उतरून थेट दमट घरात कॅमेरा काढला तर काचेवर वाफ धरते. बॅग बंद ठेवून अर्धा तास थांबा. परत आल्यावर लेन्स सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात, नाहीतर बुरशी लागते.

नोंद म्हणून आधी चारही बाजू, मग दाराची चौकट, तुळईचा सांधा, देवळी, जातं, जमिनीतलं उखळ. प्रत्येकाचा एक फोटो शेजारी ३० सेंमीची पट्टी ठेवून घ्या. देवघराचे विचारूनच. फोटो लगेच घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवा आणि वस्तूंची ती सांगतील तीच नावं फाइलला द्या. फाइलच्या नावाचा क्रम: गाव, वाडी, घर, भाग, तारीख.