नाळेवरच्या पट्ट्या न मोडता वाकवण्यासाठी

ट्रॅफलगरच्या लढाईतल्या 'एचएमएस व्हिक्टरी' या ब्रिटिश युद्धनौकेचं लाकडी मॉडेल बांधताना खरी परीक्षा नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापाशी असते. पाण्याच्या रेषेजवळ ती इतकी बोथट आणि गोल आहे की चौकटीवर बाहेरून चिकटवायची लाकडी पट्टी कोरडी असेल तर तिथे कडकन मोडते, किंवा डिंक वाळायच्या आत उसळून सुटते.

त्यावर उपाय म्हणजे पट्टी जहाजावर वाकवायचीच नाही.

१. पट्टीचं फक्त पुढचं टोक, जेवढं वळणार तेवढंच, उंच भांड्यातल्या कडकडीत पाण्यात उभं ठेवा. एक-दीड मिलिमीटर जाडीला वीसेक मिनिटं पुरतात.
२. नाळेच्या गोलाईपेक्षा थोडा लहान असा डबा किंवा स्टीलचा पेला घ्या. सुटल्यावर पट्टी थोडी उलगडतेच, म्हणून लहान.
३. ओलं टोक त्याभोवती हळूहळू गुंडाळा, रबरबँड लावा आणि रात्रभर तसंच राहू द्या.
४. सकाळी वळण धरलेली पट्टी चौकटीवर बसवून पाहा, मगच चिकटवा.

डाव्या-उजव्या बाजूची जोडी एकाच पेल्यावर, एकाच वेळी वाकवली तर दोन्हींकडचं वळण सारखं येतं. हा फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण समोरून पाहताना नजर तिथेच जाते.

मात्र ओली पट्टी कधीही चिकटवू नका. लाकूड पाण्याने रुंदीत फुगतं, वाळल्यावर आकसतं आणि दोन पट्ट्यांमध्ये फटी पडतात.