केळीच्या बागेत फिरायचंय? जुने कपडे घाला

रावेर-यावलकडे कुणाच्या मळ्यावर सुट्टीला जाताय ना, मग पांढरा शर्ट घरीच ठेवा, कारण केळीचा चीक अंगावर पडला की आधी पाण्यासारखाच दिसतो, कळतही नाही, आणि वाळला की तपकिरी डाग पडतो तो कितीही घासा, जात नाही. बागेत मालकाला विचारूनच शिरा, खाली ड्रिपच्या नळ्या असतात त्यांच्यावर पाय देऊ नका. पावसाळ्यात मात्र बांधावरचं फिरणं विसरा, काळी माती बुटाला अशी चिकटते की पाय उचलवत नाही! तेव्हा सरळ चाळीसगावजवळ पाटणादेवीला जा, गौताळा अभयारण्यातलं जंगल मस्त हिरवं असतं, फक्त नाल्याला पाणी वाढलं तर ओलांडायच्या भानगडीत पडू नका. आणि मे महिन्यात? सकाळी नऊच्या आत घरात.